दहा मिनिटांचा धडा

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ती सिस्टरच होती. पण ती ड्युटीवर आली की मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची पाठ आपोआप सरळ व्हायची, त्यावरून समजायचं ते समजावं. सात वर्षांत तिने किती आयांना बाळाला पाजायला शिकवलं याची गणती नव्हती. एक धडा, दहा मिनिटं, पुढची खाट. घड्याळ लावून घ्यावं.

धड्याचं सामान म्हणजे चिमी. चिमी ही मास्तरीणबाईंनी स्वतःच्या हाताने शिवलेली कापडी बाहुली, खऱ्या बाळाएवढी, पोटात कापूस आणि तोंडाच्या जागी लाल कापडाचा एक ऐसपैस खळगा. चिमीचं तोंड कायम उघडं. तिला डाव्या हातावर घ्यायचं, पोटाला पोट लावायचं, डोक्यामागे तळवा धरून एक हलका धक्का द्यायचा, की चिमी छातीशी चिकटलीच म्हणून समजा. समोरची आई बघत राहायची. मग मास्तरीणबाई आपलं ठेवणीतलं वाक्य टाकायच्या, "दुखतंय म्हणजे चुकतंय." आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या.

बाकीच्या नर्सेस किती वेळ लावतात हे कळावं म्हणून खाटेला अडकवलेल्या कागदावर 'लागलेला वेळ' हा रकानासुद्धा त्यांनीच मागून घेतला होता. आधी नुसतं 'स्तनपान शिकवले' आणि सही एवढंच असायचं. आता शिकवले, वेळ, सही, शेरा असे चार रकाने झाले. मास्तरीणबाईंच्या वेळेच्या रकान्यात कायम दहा. शेऱ्यात बहुतेक वेळा काही नाही, आणि एखादी बाई दहा मिनिटांत आटोपली नाही तर तीन शब्द: 'आई हळू शिकते.'

या नव्या रकान्यात सगळ्यात जास्त पकडली गेली ती नवी सिस्टर. वर्षभरापूर्वी लागलेली, हडकुळी, बोलायला घाबरणारी मुलगी. तिच्या रकान्यात चाळीस, पन्नास, एकदा तर सत्तर. एका आईला सत्तर मिनिटं. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी अख्खा वॉर्ड शिकवून वर चहा घेतला असता. त्यांनीच तिचं नाव गोगलगाय ठेवलं, आणि ते तिच्या तोंडावरही घेतलं जायचं. बाळंतपणाच्या रजेवर जाताना मास्तरीणबाईंनी तिच्या कामाचा जो अहवाल लिहिला, त्यातही स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: काम संथ.

तर अशा या मास्तरीणबाई आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, बाळंत होऊन पडल्या. मुलगी झाली, बरोबर तीन किलोची. बाळंतपण सरळ पार पडलं. बाळाला छातीवर ठेवलं तेव्हा तिने इकडेतिकडे तोंड घासून दोनदा चोखल्यासारखं केलं आणि झोपी गेली. भोवतीच्या मैत्रिणी म्हणाल्या, शेवटी लेक कोणाची.

दुपारी जरा टेकून बसल्यावर मास्तरीणबाईंची नजर पायथ्याच्या कागदावर गेली. 'शिकवले' रकाना मोकळा. मोकळा रकाना दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. उशीजवळ पेन होतंच. थोडी सवय आणि थोडी गंमत म्हणून त्यांनी बरोबरची खूण केली, वेळ दहा मिनिटं लिहिली आणि खाली आपलीच सही ठोकली. मग स्वतःशीच हसल्या आणि कागद परत अडकवला.

ही गंमत त्यांना महागात पडणार होती.

कारण वॉर्डाची रीत अशी की जी नर्स ड्युटीवर येईल तिने आधी कागद बघायचा. खूण असेल तर पुढे जायचं. त्या दिवशी संध्याकाळी एक आली, कागद बघून हसली, पुढे गेली. सकाळी दुसरी आली, तिने तर कागदही बघितला नाही. मास्तरीणबाईंना कोण शिकवणार? सूर्याला काजवा दाखवायचा का?

त्यात सासूबाईंनी भर घातली. सासूबाई शिवणकामाचा वर्ग चालवायच्या आणि सुनेचं कौतुक करायला त्यांना सुई-दोऱ्याइतकाही आधार लागत नसे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, तिच्या बहिणीला, फरशी पुसणाऱ्या मावशींना, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं की आमची सून अख्ख्या गावाच्या लेकीसुनांना शिकवते, हिला कसली अडचण येतेय. सून उशीला टेकून हसली. त्याच वेळी पोरगी छातीशी होती आणि सुनेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

कारण दुखत होतं. साधंसुधं नाही. पोरगी तोंड लावायची आणि मास्तरीणबाईंच्या पायाची बोटं चादरीत वळायची. चिमीला धरायच्या तसंच धरलं होतं. पोटाला पोट, डोक्यामागे तळवा, हलका धक्का. पण चिमीने सात वर्षांत कधी मान मागे टाकली नव्हती की ओठ घट्ट मिटून घेतले नव्हते. ही तीन किलोची पोरगी मात्र डोक्याला हात लागला की धनुष्यासारखी वाकायची, रडायची, आणि मग कंटाळून नुसतं टोक चावत बसायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना भेगा पडल्या. दुखतंय म्हणजे चुकतंय हे वाक्य त्यांना शंभरदा आठवलं, आणि शंभरही वेळा ज्याने कोणी ते रचलं त्याचा राग आला.

सांगायचं कोणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाळाला बघायला आला की अवघडून उभा राहायचा आणि विचारायचा, सगळं ठीक ना? त्यावर त्या म्हणायच्या, ठीक नसायला काय झालं. तो बिचारा निर्धास्त होऊन कामावर जायचा. लिफ्ट अडकली की आतली माणसं निदान घंटा तरी वाजवतात. इथे आतलं माणूसच घंटेवर हात ठेवून बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वजन झालं. दोन किलो सातशे चाळीस.

पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, हे त्या स्वतः रोज दहा जणींना सांगायच्या. पण किती उतरलं तर चालतं, आणि कुठे थांबायला हवं, हेही त्यांना पाठ होतं. तीन किलोच्या बाळाला खालची हद्द दोन किलो सातशे. बाळांच्या डॉक्टरांनी काटा बघितला, मग मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाले की तुम्हाला काय सांगायचं, उद्या सकाळी पुन्हा करू, सातशेच्या खाली गेलं तर वाटी-चमच्याने वरचं दूध सुरू करू. त्यात वाईट काहीच नव्हतं. कित्येक बाळांना त्यांनीच असं दूध पाजलं होतं. पण आज डॉक्टर पाठमोरे झाल्यावर त्यांना एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि ते वरच्या दुधाचं नव्हतं. आपली पोर तीन दिवस आपल्याच कुशीत उपाशी आहे आणि आपण हसून दाखवतो आहोत, त्याचं होतं. उद्या सकाळपर्यंतचा वेळ हाताशी होता. सकाळपासून लंगोट एकदाच ओला झाला होता.

दुपारी सासूबाई जेवायला घरी गेल्या आणि गोगलगाय ड्युटीवर आली.

ती मास्तरीणबाईंच्या पायथ्याशी थांबली, कागद वाचला, मान खाली घालून "बऱ्या आहात ना ताई" एवढं पुटपुटली आणि शेजारच्या खाटेकडे वळली. तिच्या काखेत चिमी होती. शेजारी पहाटेच बाळंत झालेली एक धिप्पाड, हसरी बाई होती. शहरात बस चालवायची. गोगलगायीने मधला पडदा ओढला.

पडद्याला कान नसतात, पण पडद्याअलीकडच्या माणसाला असतात. मास्तरीणबाई पोरीला थोपटत ऐकू लागल्या. सुरुवातीला चुका काढायलाच ऐकत होत्या, खोटं कशाला बोला. आणि चुका होत्याही. गोगलगायीने पहिली पाच मिनिटं तर शिकवलंच नाही. बाईला नीट टेकून बसवलं, पाठीशी उशी दिली, पाय वर घ्यायला लावले, पाणी प्यायला दिलं. ती बाई बसमधल्या गमती सांगत होती आणि ही ऐकत होती. मग चिमी दाखवली, पण लगेच बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही सोपी आहे, हिचं तोंड उघडंच असतं. तुमच्या बाळाचं आपल्याला उघडायची वाट बघावी लागेल."

मास्तरीणबाईंचा थोपटणारा हात थांबला.

पलीकडे मग बराच वेळ काहीच झालं नाही. म्हणजे ऐकू येण्यासारखं काही. गोगलगाय मधूनच म्हणायची, थांबा, अजून नाही. बाळ कुरकुरायचं. पुन्हा, थांबा. बस चालवणारीने विचारलं की सिग्नल किती वेळचा आहे. गोगलगाय हसली. तिला हसता येतं हे मास्तरीणबाईंना वर्षभरात पहिल्यांदाच कळलं. आणि मग एकाएकी, आता, घ्या जवळ, आणि त्यापाठोपाठ घटकन एक घोट गिळल्याचा आवाज. मग दुसरा. ती बाई चकित होऊन म्हणाली की अहो, हे तर दुखतच नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण मास्तरीणबाईंना लहानपणापासून पाठ होती, पण तिच्यातला कोरडेपणा असा अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

गोगलगाय पडद्याबाहेर आली, कागदावर वेळ लिहिला आणि मास्तरीणबाईंकडे चोरून बघितलं. पंचावन्न लिहिले असणार. ती निघाली. दारापर्यंत पोचली. मास्तरीणबाईंच्या मनात त्या सात-आठ पावलांत काय काय येऊन गेलं. ही चार ठिकाणी सांगेल. उद्या पाळीपाळीने सगळ्या हसतील. सासूबाईंना कळेल. मग कुशीतल्या पोरीने कोरड्या ओठांनी एक बारीक, दमलेला आवाज काढला. धड रडणंही नव्हतं ते.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

गोगलगाय गर्रकन वळली. चेहरा पांढराफटक. चिमी छातीशी घट्ट धरून ती खाटेजवळ आली आणि विचारायच्या आत सांगू लागली की शेजारच्या बाईंना उठून बसता येत नव्हतं, म्हणून जरा जास्त वेळ लागला, पुढच्या वेळी नक्की कमी करीन.

"मला शिकव."

गोगलगायीच्या डोक्यात काय प्रकाश पडला कोण जाणे, तिने लगेच ताठ उभं राहून सुरुवात केली. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. बाळाचं पोट आईच्या पोटाला. हनुवटी आधी टेकली पाहिजे. नाक मोकळं. खालचा ओठ बाहेर वळलेला. टोकाभोवतीचा काळसर भाग वरून जास्त दिसला पाहिजे, खालून कमी. एका दमात सगळं म्हणून तिने श्वास घेतला आणि किती मार्क पडले अशा नजरेने बघत राहिली.

"परीक्षा नाही गं ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज फाटला तशी त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "मला जमत नाहीये. तीन दिवस झाले. पोरगी उपाशी आहे माझी."

गोगलगायीने चिमी पायथ्याशी ठेवली, पडदा ओढला आणि उशी उचलली.

पुढचं सगळं मास्तरीणबाईंना येत होतं. एकूण एक गोष्ट येत होती. तरी त्या मुलीने पाठीशी उशी सरकवली तेव्हा लक्षात आलं की तीन दिवस आपण पुढे वाकून बाळाला पाजत होतो आणि मान आखडली होती ती त्यामुळे. तिने छातीला हात लावायच्या आधी विचारलं, लावू का? हे तर त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. छाती तट्ट भरून दगडासारखी झाली होती. ती हळूहळू दाबून थोडं दूध काढून टाकलं, म्हणजे बाळाला तोंडात धरता येईल एवढी मऊ झाली. भेगांना त्याच दुधाचे दोन थेंब लावले. मग पोरीला जवळ घेतलं आणि मास्तरीणबाईंचा तळवा सवयीने डोक्यामागे गेला.

"डोकं नको, ताई," गोगलगाय म्हणाली. "मानेखाली आणि खांद्यांना धरा. डोकं तिचं तिला मागे टाकू दे. ढकललं की तिला राग येतो."

"मलाही येतो," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

पोरीचं नाक समोर आलं. वरच्या ओठाला नुसता स्पर्श. पोरीने जिभेने चाटलं, तोंड जरासं उघडलं. मास्तरीणबाई लगेच पुढे. गोगलगायीने त्यांच्या कोपराला हात लावून थांबवलं. पुन्हा स्पर्श. पुन्हा जरासं उघडलं. थांबा. तिसऱ्यांदाही तेच. एकदा लागली, पण दुखलं, तेव्हा करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून अलगद सोडवली आणि सुरुवातीपासून सगळं पुन्हा. मास्तरीणबाईंना घाम फुटला. नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. सात वर्षांची खोड, एका दुपारी थोडीच जाणार? गोगलगायीने ते बघितलं आणि काही न बोलता स्वतः मधे येऊन अशी उभी राहिली की घड्याळच दिसेना.

आणि मग पोरीने जांभई द्यावी तसं तोंड उघडलं. एवढंसं तोंड एवढं मोठं होऊ शकतं हे सात वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडे बघूनही त्यांनी कधी नीट बघितलं नव्हतं. "आता," गोगलगाय म्हणाली. हनुवटी टेकली. पायाची बोटं सवयीने वळायला लागली आणि मधेच थांबली. काही दुखलंच नाही. नुसती एक खोल ओढ, आणि थोड्या वेळाने घोट. अजून एक. पोरीच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. त्या हळूहळू सुटल्या.

मास्तरीणबाई रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या. पडद्यापलीकडून बस चालवणारीने काळजीने विचारलं की काय झालं, तेव्हा गोगलगायीनेच सांगितलं की काही नाही, सिग्नल सुटला.

त्या दिवशी पोरगी दर दोन तासांनी प्यायली. संध्याकाळपर्यंत एकदा हुकलं, दोनदा जमलं. सासूबाई आल्या आणि गोगलगाय सुनेला उशी लावून देतेय हे बघून थबकल्या. मास्तरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं की मला येत नव्हतं, ही शिकवतेय. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या की मी तीस वर्षं दुसऱ्यांची झंपरं बेततेय, माझं स्वतःचं एक आजवर अंगाला धड बसलेलं नाही. आणि नेहमीच्या आवाजात शेजारणीला सांगायला गेल्या की आमच्या सुनेला शिकवायला खास माणूस लावलंय.

चौथ्या दिवशी सकाळी काट्याभोवती गर्दी होती. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, डॉक्टर, सासूबाई आणि कामावर जायच्या आधी आलेला नवरा. गोगलगायीची ड्युटी दुपारची होती, तरी ती दाराशी येऊन उभी होती. मास्तरीणबाईंनी स्वतःच पोरीला काट्यावर ठेवलं आणि हात काढला. आकडे वर-खाली झाले. पोरीने पाय झाडले, पुन्हा झाले. मग स्थिर.

दोन किलो सातशे साठ.

डॉक्टर छान म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्यासाठी गोष्ट तिथेच संपली. मोठ्या सिस्टरनी मात्र वजन टिपायला पायथ्याचा कागद काढला, चष्मा नाकावर घेतला आणि बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. शिकवले, दहा मिनिटं, सही. सही कोणाची, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"कोणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी दाराकडे बोट केलं.

मोठ्या सिस्टरनी वॉर्डाच्या नियमाची एका वाक्यात आठवण करून दिली की कागदावर खाडाखोड चालत नाही, चुकलं असेल त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि खाली खरं लिहायचं. मास्तरीणबाईंनी पेन घेतलं आणि आपल्या दहा मिनिटांवर रेघ मारली. मग पेन गोगलगायीपुढे धरलं.

गोगलगायीने खूण केली. सही केली. वेळेच्या रकान्याशी पेन अडलं. तिने मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की दहाच लिहू का.

"खरं लिही."

तिने लिहिलं: एक तास वीस मिनिटं. वॉर्डातला उच्चांक होता तो. तिने लाजून कागद परत करायला हात पुढे केला, पण मास्तरीणबाईंनी तो घेतला नाही. पोरीला भूक लागली होती, ती खांद्यावर तोंड घासत होती. मास्तरीणबाई खाटेवर मागे टेकून बसल्या, पाठीशी उशी सरकवली आणि पोरीच्या मानेखाली हात घेतला.

"शेरा राहिला," त्या म्हणाल्या.

गोगलगायीला कळेना काय लिहायचं. शेऱ्याच्या रकान्यात तिने आजवर काहीच लिहिलं नव्हतं. मास्तरीणबाईंचं लक्ष पोरीच्या ओठांकडे होतं. तोंड जरासं उघडलं होतं, अजून पुरतं नाही. त्या थांबल्या.

"लिही," वर न बघता त्या म्हणाल्या, "आई हळू शिकते."